खुणेचा निरोप

गुरुवार, २ सप्टेंबर १९९९.
सकाळी उघडीप. पाणी पावणेसहाला आलं, सव्वासहाला गेलं. दुधाची एक पिशवी फुटकी निघाली, बदलून आणली. आवडाबाई चारला आली. तिच्याबरोबर आबांच्या दुकानात गेले. मालूच्या पानावर आज आवडाबाईचा निरोप घातला. ती सांगत गेली तसा इंग्रजीत लिहिला, मग मराठीत वाचून दाखवला. "बरोबर हाय" म्हणाली. एकूण अकरा ओळी. चूक एकही नाही. येताना कोथिंबीर घेतली.

'चूक एकही नाही' हे मी स्पेलिंगबद्दल लिहिलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पत्र लिहून झालं की शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटं तपासायला लावत. म्हणजे अर्थाकडे लक्ष जात नाही आणि अक्षरं नीट दिसतात. त्या दिवशीही मी तसंच तपासलं होतं.

आवडाबाईबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा जुन्या डायऱ्या काढल्या. ती पहिल्यांदा सापडते १९८२ च्या नोव्हेंबरात. आम्ही ठाण्याहून डोंबिवली पश्चिमेला राहायला आलो तो महिना. नोंद एवढीच आहे: 'कोळीण आली. कोपरची. खाडीची बोईटं, ताजी. भाव सोडत नाही.' आम्ही कायस्थ, त्यामुळे मासळीवाली ही आमच्याकडे डॉक्टरच्या आधी शोधायची असते. दुसऱ्या आठवड्यात ती आमच्या दारात पाटी उतरवून हक्काने बसली आणि आतल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या यांना म्हणाली, "ए भाऊ, तुझी बायको भाव लय पाडते. तू तरी बोल काय ते." ठाण्याच्या कोर्टात यांना सगळे 'साहेब' म्हणत. हे बाहेर आले आणि निमूटपणे तिने सांगितलेले पैसे देऊन गेले. ती सगळ्यांनाच 'तू' म्हणायची. मला 'वयनी' म्हणू लागली ते आजतागायत.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मी पाहिलेल्या माणसांत सर्वांत जास्त बातम्या तिच्याकडे असत. ठाणे, कळवा, दिवा, कल्याण, जिथे जिथे मासळीबाजार होता तिथे तिच्या ओळखीची एक तरी बाई बसलेली असे. कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाचा साखरपुडा मोडला, कोणाच्या जाळ्याला माणूस हवा आहे, हे सगळं पाट्यांबरोबर इकडून तिकडे जाई. सकाळी ठाण्याला सांगितलेली गोष्ट दुपारी कल्याणला पोचलेली असे. पोस्टाला दोन दिवस लागत.

पण तिच्या घरात एक नियम होता. खुणेशिवाय निरोप द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही. हा नियम तिच्या सासूने घातला होता. सासूचं नाव भागीरथी. तिच्या तरुणपणी कोणीतरी येऊन सांगितलं की तुझा नवरा होडीवरून गेला. भागीरथीने बांगड्या फोडल्या. चौथ्या दिवशी नवरा घरी आला आणि जेवायला मागू लागला. त्या दिवसापासून तिने ठरवलं की निरोप आणणाऱ्याने आधी घर सांगायचं, होडी सांगायची, कोणाची कोण ते सांगायचं आणि मग एक अशी खूण सांगायची जी फक्त घरच्या माणसाला ठाऊक आहे. त्यानंतर काय ते बोलायचं. भागीरथी गेली, तिच्या नावाची होडी राहिली आणि हा नियमही राहिला.

याचा अनुभव मला एकदा आला होता. १९८५ साली मी आवडाबाईबरोबर ठाण्याला माझ्या नणंदेकडे निरोप पाठवला की लोणच्याची बरणी पाठव. आवडाबाई हलेना.

"खूण सांग."

"अगं, खूण कसली? लोणच्याची बरणी तर आहे."

"मग मी तिना काय सांगू, तूच पाठवलं म्हणून?"

मी हसत म्हटलं, "सांग, तुझ्या लग्नात माझा शालू होमात जळला होता."

आवडाबाई स्वतः गेली नाही. तिने निरोप ठाण्याच्या बाजारातल्या बाईला दिला आणि त्या बाईने नणंदेच्या दारात उभं राहून तो सांगितला. मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांनी ऐकला. बरणी आली, पण नणंद महिनाभर माझ्याशी बोलली नाही. 'शालू माझ्यामुळे जळला हे आता मासळीबाजाराला ठाऊक झालं,' असं तिने यांना पत्रातून कळवलं. तेव्हा मी ही गंमत म्हणून डायरीत लिहिली होती. त्यापुढे थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं.

मालू ही तिची एकुलती एक मुलगी. तिच्या आधीची दोन गेली. आठ वर्षांची असताना ती आईबरोबर आमच्या दारात येऊन बसू लागली. आई इमारतीतल्या इतर मजल्यांवर जाऊन येईपर्यंत ती माझ्याकडे थांबे. मला मूलबाळ नाही. मी तिला इंग्रजी अक्षरं काढायला दिली. दोन महिन्यांत ती वाचू लागली. १९८७ साली हे गेले, त्यानंतर तर दुपारी चार ते साडेपाच हा मालूचा वेळ ठरून गेला. मी तिला उच्चार शिकवले, पत्राचा मायना शिकवला, काट्याने कसं खायचं तेसुद्धा शिकवलं. एकदा आवडाबाईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "माशाचा काटा काढायला येतो तिला. हा काटा कशाला?" मालू लाजली. पण शिकली.

बारावीनंतर ती आबांकडे टायपिंग शिकली. आबा म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचे मालक. मग कॉम्प्युटर शिकली आणि १९९७ मध्ये ठाण्याला एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात लागली. आवडाबाईने त्या दिवशी मला पापलेटं दिली आणि पैसे घेतले नाहीत. असं तिने एकदाच केलं.

यंदाच्या एप्रिलात मालू ऑफिसला गेली ती परत आली नाही. उशीखाली चिठ्ठी होती. आवडाबाई ती घेऊन माझ्याकडे आली. अक्षर माझ्या वळणाचं होतं. मी वाचली: 'मी लग्न करते आहे. मुलगा चांगल्या घरचा आहे. मला शोधू नका. मी सुखात आहे.'

"नाव?" आवडाबाईने विचारलं.

"नाव नाही लिहिलेलं."

"गाव?"

"तेही नाही."

"मग हिला निरोप कसा म्हणायचा," असं म्हणून तिने चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली.

तिचा नवरा धाकू याने घरात मुलीचं नाव घ्यायचं नाही असं सांगून टाकलं. आवडाबाईने घरात घेतलं नाही. बाजारात मात्र तिने सगळीकडे निरोप सोडला: मालू, धाकू तांडेलाची पोर, भागीरथी होडीवाल्यांची, डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा वण, दिसली तर सांगा. मे गेला, जून गेला. इतक्या बायकांपैकी एकीकडूनही काही आलं नाही. मालू ज्या घरात गेली होती तिथे बहुधा मासळीवाली जात नसावी. हे माझ्या मनात आलं होतं, पण मी बोलले नाही.

जुलैच्या शेवटी मालूबरोबर काम करणारी शीला म्हणून एक मुलगी माझ्याकडे आली. तिने एका कागदावर एका वेबसाइटचं नाव लिहून दिलं. ती म्हणाली, "काकी, मालू ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत यावर असायची. इथे आपलं पान करायचं, मग मित्र जोडायचे, मित्रांचे मित्र आपोआप दिसतात. तिकडेच तिची त्याच्याशी ओळख झाली. पण तिचं नाव तिथे मालू नाहीये. मालविका आहे." मुलाचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

आबांनी दोन वर्षांपूर्वी टाइपरायटर काढून तीन कॉम्प्युटर घातले होते आणि पाटीवर 'सायबर कॅफे' लिहिलं होतं. त्यांचं वय साठ. टायपिंगच्या जुन्या बाकांवरच कॉम्प्युटर ठेवले होते आणि 'खुर्ची ओढू नये' ही जुनी सूचनाही भिंतीवर तशीच होती. गुरुवारी आमच्याकडची बरीच घरं मासळी खात नाहीत, त्यामुळे आवडाबाईला दुपार मोकळी असे. २९ जुलैच्या गुरुवारी आम्ही दोघी तिथे गेलो. तिने नवं लुगडं नेसलं होतं.

पान उघडायला सात मिनिटं लागली. फोटो नव्हता. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं होती. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले.

"नाव मालविका. वय तेवीस. राहणार ठाणे."

"ठान्याला हाय?"

"असं लिहिलंय. ते जुनं असेल. पुढे लिहिलंय, बालपण समुद्राकाठी गेलं."

"खाडीकाठी."

"वडील शिपिंगच्या व्यवसायात आहेत."

"म्हंजे?"

"म्हणजे जहाजांचा धंदा."

आवडाबाई मान हलवून म्हणाली, "मंग खोटं काय? होडी नाय का बापाची?" आणि तिने आबांकडे पाहिलं, जशी काही मुलीची मार्कशीट वाचली जात होती. आबा खाली बघत कीबोर्ड पुसत राहिले. आपल्या आईबद्दल मालूने काही लिहिलं नव्हतं. आवडाबाईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पानाच्या शेवटी तिच्या मित्रांची यादी होती, एकतीस नावं. त्याखाली एक गेस्टबुक होतं. त्यात लोकांनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या: पान छान आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छा, असं काहीबाही. आणि सर्वांत वर एक तारीख होती. आबांनी सांगितलं की मालू शेवटची आत कधी येऊन गेली त्याची ती तारीख.

"मंगळवारी आली होती," आबा म्हणाले.

"परवा?" आवडाबाई खुर्चीवरून उठली. "परवा इथं आली?"

"इथं नाही हो. ती जिथं असेल तिथून."

"पण आली व्हती ना? म्हंजे हाय."

तिला खाजगी पत्र लिहायचं तर आधी आपणही त्या साइटवर नाव घालायला हवं आणि मग मालूने आपल्याला तिच्या माणसांत घ्यायला हवं, असं आबांनी समजावलं. त्यांनी फॉर्म उघडला.

"जन्मतारीख?"

"होळीच्या आदल्या दिशी."

"वर्ष?"

"ते आईला ठाऊक व्हतं. ती गेली."

"एक जानेवारी करतो. अर्ध्या देशाचा वाढदिवस त्याच दिवशी असतो." आबांनी वर्ष एक्कावन्न घातलं. "छंद काय लिहू?"

मी सांगितलं, "मोकळ्या वेळात तुला काय करायला बरं वाटतं ते विचारतात."

"मोकळी कवा असते मी?"

"रिकामं ठेवलं तर पुढे जात नाही हो ते," आबा म्हणाले.

"झोप लिव."

आबांनी तेच लिहिलं. मग नातं विचारलं. मैत्रीण, वर्गमैत्रीण, सहकारी, कुटुंब, एवढेच पर्याय होते. कुटुंब निवडलं.

"आता तिने तिकडून 'हो' म्हणायचं," आबा म्हणाले.

"पोरीनं 'हो' म्हटलं तर मी तिची आई?"

"या मशिनीपुरतं तसंच आहे."

"आनि नाय म्हटलं तर?"

"तर काही नाही. असंच लिहून येत राहील, की उत्तराची वाट पाहत आहे."

त्यापुढच्या गुरुवारच्या नोंदी मी आत्ता पुन्हा पाहिल्या. ५ ऑगस्ट: 'उत्तर नाही. मालू ३ तारखेला येऊन गेली.' १२ ऑगस्ट, श्रावण लागला: 'उत्तर नाही. काल येऊन गेली.' १९ ऑगस्ट: 'उत्तर नाही. आजच सकाळी येऊन गेली.' त्या दिवशी आवडाबाई पडद्याकडे बघत म्हणाली, "दारापर्यंत येते आनि जाते." २६ ला नारळी पौर्णिमा होती, आवडाबाई आली नाही.

श्रावणात तिचा धंदा बसलेला असतो, त्यामुळे विचार करायला तिला वेळच वेळ होता. २ सप्टेंबरला ती ठरवून आली. गौरी दोन आठवड्यांवर आल्या होत्या. गौरीला लेक घरी यावी लागते. तिच्या घरात ते कधी चुकलं नव्हतं. धाकूच्या बहिणी पन्नाशी उलटल्या तरी येत होत्या.

"वयनी, तिना ठाऊकच नाय की मी हाय म्हणून. कोण आवडाबाई, कोणीबी लिवल. खूण कुठं दिली आपण?"

मला ते पटलं. एवढंच सांगते, की मला ते मनापासून पटलं. मालूला कदाचित शंका येत असेल, कोणीतरी आईच्या नावाने फसवतं आहे असं वाटत असेल. आबा म्हणाले, खाजगी पत्र जाणार नाही, पण गेस्टबुकात कोणालाही लिहिता येतं. मी 'कोणालाही लिहिता येतं' एवढं ऐकलं. महिनाभर मी स्वतः त्याच गेस्टबुकातले परक्यांचे निरोप वाचत होते, तरी आमचाही परके वाचतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्यासाठी ते मालूच्या दारात टाकलेलं पत्र होतं.

आवडाबाईने हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि ती बाजारातल्या बाईला सांगते तसं सांगत गेली. मी लिहिलं ते असं:

'मालू, धाकू तांडेलाची मुलगी, कोपरचा कोळीवाडा, शेवटून तिसरं घर, होडी भागीरथी, हिला. तुझी आई आवडाबाई सांगते. तुझा बाप होडी चालवतो, मी मासळी विकते, आम्ही दोघं बरी आहोत. खूण ही, की तुझ्या डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा वण आहे, अकराव्या वर्षी बोईट कापताना लागलेला. दुसरी खूण ही, की बारावीपर्यंत सुट्टीच्या दिवशी तू माझ्याबरोबर बाजारात पाटीवर बसायचीस आणि वर्गातलं कोणी आलं की ओढणी तोंडावर घ्यायचीस. मला ते दिसायचं, मी काही बोलले नाही. गौरीला ये. बापाचं मी बघते. यायचं नसेल तर कुठे आहेस तेवढं सांग.'

खाली मी माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला. मग उलटं तपासलं. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा होता, तो घातला. आबा म्हणाले, "पाठवू?" आवडाबाईने पडद्याला हात लावून नमस्कार केला.

९ तारखेला आम्ही गेलो तेव्हा त्या निरोपाखाली तीन उत्तरं होती. आवडाबाईला अक्षर कळत नव्हतं, पण ओळी वाढल्या आहेत हे तिने माझ्याआधी पाहिलं.

"आलं. वयनी, आलं बघ."

त्यातलं एकही मालूचं नव्हतं. पहिलं कोणा मुलाचं होतं: 'मालविका, ही कसली थट्टा?' दुसऱ्यात लिहिलं होतं, 'म्हणजे तू शाकाहारी नाहीसच तर. हाहा.' तिसरं एका बाईचं किंवा मुलीचं होतं. तिने नाव दिलं नव्हतं. 'भाभी, मम्मींनी हे वाचलं आहे. कॉम्प्युटर बंद कर आणि खाली ये.'

मी ते दोनदा वाचलं. आबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि ते आपल्या टेबलाकडे निघून गेले.

"काय म्हणते?" आवडाबाईने विचारलं.

"तिच्या मित्रांनी लिहिलंय. तिने नाही."

"मित्र काय म्हणतात?"

"निरोप वाचला म्हणतात."

"झालं तर. ते सांगतील तिना."

दुसऱ्या दिवशी मी एकटी आबांकडे गेले. म्हटलं, आबा, मी लिहिलेलं मला खोडता आलं पाहिजे. आबांनी बराच प्रयत्न केला. ज्याचं पान त्यालाच खोडता येतं, असं निघालं. मी साइटच्या ऑफिसला पत्र लिहिलं, सविस्तर, सगळं कारण देऊन. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं तेव्हा मला बरं वाटलं. त्यात लिहिलं होतं की तुमचं पत्र आम्हाला महत्त्वाचं वाटतं. आबा म्हणाले, "वहिनी, ते मशीनच पाठवतं." मी विचारलं, तिथे माणूस कोण आहे? त्यांना ठाऊक नव्हतं. मी अजून दोन पत्रं लिहिली. दोन्हींना तेच उत्तर, शब्दाचाही फरक नाही.

मग घरी येऊन फोनजवळ बसले. माझा नंबर मी दिला होता, इतकाच आधार. फोन दोनदा वाजला. एकदा गॅसचा नंबर लागल्याचं सांगायला आणि एकदा चुकून.

गौरी आल्या, गेल्या. मी विचारायला गेले नाही. खाली भाजी घेताना धाकूची बहीण भेटली, ती म्हणाली, आवडानं एक पान जास्त वाढून ठेवलं होतं, धाकू बघून बाहेर गेला.

२३ सप्टेंबरला आवडाबाई आली. आम्ही आबांकडे गेलो. त्यांनी पत्ता घातला, आम्ही थांबलो. पडदा पांढरा झाला आणि त्यावर एकच ओळ आली: या नावाचा सभासद कोणी नाही. आबांनी पुन्हा घातला. पुन्हा तेच. मालविका नव्हती, एकतीस मित्र नव्हते, आमच्या अकरा ओळी नव्हत्या.

मी आवडाबाईला सांगितलं, पान काढून टाकलंय.

"कोणी?"

"तिनेच काढलं असेल. दुसऱ्या कोणाला येत नाही."

ती म्हणाली, "म्हंजे निरोप पोचला."

मला यापुढे गप्प बसणं शक्य नव्हतं. तिथेच, 'खुर्ची ओढू नये' या सूचनेखाली बसून, मी तिला सगळं सांगितलं. आपण लिहिलं ते सगळ्यांना दिसत होतं. ती तीन उत्तरं खरी काय होती. मी ती लपवली. तिसरं मी शब्दशः सांगितलं.

"मंग?" ती म्हणाली. "खोटं लिवलं व्हतं का आपण?"

"नाही."

"पत्ता खोटा? होडी खोटी?"

"नाही गं."

"मंग तिची सासू रागवली कशाला?"

आबा उठून दाराशी गेले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. हळूहळू आवडाबाईच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. घाई न करता, ती भाव ठरवताना करते तसा तिने एकेक विचार केला असावा.

"आमी कोळी हाव ते तिनं सांगितलं नव्हतं."

"बहुधा."

"म्हंजे शिपिंग." तिने तो शब्द अगदी नीट उच्चारला. दोन महिने लक्षात ठेवला होता. मग तिने विचारलं, "खाली ये म्हणाली ना ती? म्हंजे माडीचं घर हाय."

"असं वाटतं."

"तिना घराबाहेर काढली तर ती कुठं जाईल?"

मी म्हटलं, "इकडे येईल." हे मी का म्हटलं ते मला सांगता येत नाही. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आवडाबाईने मान हलवली. "ती नाय यायची. लाजंल. लहानपनी भांडं फुटलं तरी दोन घरं पल्याड जाऊन बसायची. मी हाक मारली की यायची. आता हाक कुठं मारू?"

त्या दिवशी आबांनी पैसे घेतले नाहीत. मी दोनदा पुढे केले.

आवडाबाई चिडली असती तर मला सोसलं असतं. मीच लिहिलं, मीच शिकवलं, उच्चारापासून काट्यापर्यंत. हे मी तिला एकदा बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तू सांगितलं तेवढंच मी केलं आनि मी सांगितलं तेवढंच तू लिवलं." मग पाटीजवळचं मांजर हाकलत उठली.

तिने बाजारात पुन्हा निरोप सोडला आहे. ठाणे, कळवा, दिवा, कल्याण. यावेळी निरोप वेगळा आहे: कोणाच्या दारात एकटी पोर दिसली तर काही विचारू नका, आधी जेवायला घाला. खूण काय दिली, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "खूण नाय दिली. आता नाय देत."

आज गुरुवार आहे. ती चारला आली. आबांकडे जायचं नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, तरी ती आली. मी उद्याच्या बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला बसले होते. ती समोर बसली आणि मूठभर वाल आपल्याकडे ओढून सोलू लागली. तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो. मधे फोन वाजला. आम्ही दोघीही थांबलो. शेजारच्या बिऱ्हाडाचा होता, भिंतीपलीकडे कोणीतरी उचलला. आम्ही पुन्हा सोलू लागलो.

ती गेल्यावर डायरी लिहिली.

गुरुवार, ३० सप्टेंबर १९९९.
ऊन. पाणी वेळेवर. फोन नाही. आवडाबाई चारला आली, साडेसहाला गेली. वाल सोलून झाले, मोठं पातेलं भरलं.